मेंबरांची साक्ष

"आबाजी वल्द राघोजी, हाजीर है?" पट्टेवाल्याने दारात येऊन हाळी दिली आणि बाकावर बसल्याजागी मी दचकलो. दचकायचं खरं तर काही कारण नव्हतं. साक्षीला बोलावलंय हे ठाऊक होतं, समन्स खिशात होतं, सकाळपासून त्याच हाळीची वाट बघत होतो. पण दहा-अकरा वर्षांत माझं नाव इतकं बोडकं कुणी घेतलं नव्हतं. कर्जत स्टेशनवरचा हमाल मला मेंबरसाहेब म्हणतो. खालापूरच्या बाजारात मी दिसलो की भाजीवाल्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करतात. कौन्सिल हॉलात अध्यक्षमहाराज माझ्याकडे बघून 'सन्माननीय सभासद' म्हणतात, आणि तो शब्द कितीदाही ऐकला तरी माझ्या मणक्यातून काहीतरी वर चढतं, आजही चढतं, लाज वाटते पण चढतं. आणि इथे हा पट्टेवाला, ज्याची नेमणूक माझ्याच चिठ्ठीवर झाली, तो भर व्हरांड्यात मला राघोजीचा आबाजी म्हणून पुकारत होता. नियमच आहे, तीनदा पुकारायचं. दुसऱ्यांदा ओरडताना त्याने माझ्याकडे बघून ओशाळं हसून घेतलं. मी उठलो नाही. तिसरी हाळी होईपर्यंत बसून राहिलो. निदान एवढं तरी माझ्या हातात होतं.

आत आरोपीच्या पिंजऱ्यात माझी लेक उभी होती. नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केलं, असा जयवंतेवर आरोप. फिर्यादी तिचा पहिला नवरा, मालोजी. दुसरा नवरा धाऊ मास्तर, पळसदरीच्या शाळेतला, भिंतीला टेकून टोपी हातात चुरगाळत उभा. जयवंतेला पाचवा महिना होता. खटल्याचा सगळा पीळ एवढाच होता की दोन वर्षांपूर्वी मालोजीच्या गावी चार पंचांसमोर तिची आणि मालोजीची काडीमोड झाली, ती खरी की खोटी. आमच्या जातीची जुनी चाल. गवताची काडी नवऱ्याने एका टोकाला धरायची, बायकोने दुसऱ्या, आणि पंचांनी हो म्हटलं की मोडायची. मोडली की दोघं मोकळी. पंचांपैकी कोंडाजी म्हाताऱ्याने कालच साक्षीत सांगितलं होतं, "मी बगितली. माझ्या म्होरं मोडली. मालोजीनं हसत मोडली." पण मालोजीच्या वकिलाने त्याला एकच प्रश्न विचारला, की तुमच्या जातीत ही चाल बंद झाल्याचा ठराव छापलेला आहे, त्याच्याखाली सही कोणाची आहे? कोंडाजीला वाचता येत नाही. पण सही कोणाची ते त्याला माहीत होतं. सगळ्या तालुक्याला माहीत होतं. चाल चालू असेल तर कोर्ट काडीमोड मानतं, आणि चाल चालू आहे की नाही हे सांगायला ज्याने ती बंद केली त्याच्यासारखा साक्षीदार दुसरा नाही, असं आमच्या वकिलाचं म्हणणं. "आबाजीराव, तुम्ही एक शब्द बोललात की पोर सुटली," तो म्हणाला होता. "ठराव झाला, पण गावोगाव चाल सुरूच राहिली, एवढंच. खरंच आहे की ते."

खरंच होतं ते. माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी पाटाच्या बाईचा मुलगा. माझी आई, अंबाबाई, चौकजवळच्या एका गावात पहिल्यांदा दिली होती. नवरा दारूडा, तिने काडी मोडली आणि वर्षाने माझ्या बापाशी पाट लावला, म्हणजे दुसऱ्यांदा संसार मांडला. ह्यात लपवण्यासारखं त्या काळी काही नव्हतं, घरटी एखादी तरी पाटाची बाई असायचीच. मला वाटतं मी सात वर्षांचा असेन, चुलत बहिणीच्या हळदीला आम्ही गेलो होतो. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मांडवात सवाष्णींना हळद लावायला बोलावलं तशी ती उठली, दोन पावलं गेली, आणि कोणीतरी, माझी चुलतीच असावी, हलक्या आवाजात म्हणाली, "तू नगं गं. तू बस तकडं." रागाने नाही. पाण्याच्या हंड्याला हात लावणाऱ्या पोराला सांगावं तसं. पाटाच्या बाईने नवरीला पहिली हळद लावायची नसते. आई मागे फिरली आणि खांबाला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली. मी तिच्या हाताकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं. घरी येताना ती नेहमीसारखीच बोलत होती, वाटेत करवंदं काढून दिली मला. तिला काही वाटलं नसावं. जे वाटलं ते मला वाटलं, आणि ते पुढे चाळीस वर्षं माझ्या पोटात राहिलं.

पुढे मी नेरळला इंग्रजी चार यत्ता शिकलो, मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. तिथले कारकून पांढरपेशे, दुपारचे डबे वेगळे बसून खाणारे. एकदा कसल्याशा वारसाच्या अर्जावर एकजण हसून म्हणाला, "ह्यांच्यात बापाचं नाव पेन्सिलीने लिहावं. बायको कधी काडी मोडून जाईल नेम नाही." सगळे हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून जिभेवर कडू चव येते. त्याच दिवशी मी ठरवलं असेन, की आपल्या जातीला असं करून ठेवायचं की पुन्हा कोणाची हसायची हिंमत होऊ नये. पस्तिसाव्या वर्षी खालापूरला जातीची परिषद भरवली. एकोणीसशे चौतीस साल. मांडव, फेटे, कमानी. पाट बंद, काडीमोड बंद, लग्नात भटजी आणि वेदमंत्र सुरू. ठराव मी मांडला, सही मी केली, छापून गावोगाव वाटला. म्हातारे पंच गप्प बसले होते. त्यांना वाटलं, शिकलेला पोरगा म्हणतोय तर असेल काही. एक कोंडाजी तेवढा उठून म्हणाला, "आबा, दार बंद करतूस त्ये ठीक हाय रं. पन आत आग लागली तर बायामानसांनी जायाचं कुटनं?" त्याला मी चारचौघांत असा काही फाडला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या त्या.

त्या टाळ्यांवरच मी सदतिसात मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आलो आणि शेहेचाळीसात पुन्हा. शेतकऱ्यातला, पण शास्त्राला धरून चालणारा माणूस, अशी माझी ख्याती. हिंदूंच्या घरात सरकारने हात घालू नये, हे माझं एक वाक्य, आणि ते मी प्रत्येक बिलावर लावलं. एका बायकोवर दुसरी करू नये असं बिल आलं, मी विरोधात. मंदिरं सगळ्यांना उघडायचं बिल आलं, मी विरोधात. तिथे मी म्हणालो की देवाला घाई नाही, सरकारला का असावी. सभागृह हसलं, वर्तमानपत्रात ते वाक्य आलं. कुळाला जमिनीत हक्क द्यायचं निघालं तेव्हाही मी म्हणालो की मालक-कूळ हे बाप-लेकाचं नातं आहे, कायद्याने बाप-लेक होत नसतात. हे बोलताना माझीच कुळं, चार ठाकरांची घरं, माझ्या वरकस जमिनीवर नाचणी पिकवून निम्मी मला आणून घालत होती. त्यातल्या पोशाने एकदा मला विचारलं होतं, "मेंबर, तिकडं आमचं काय बोलतूस?" मी म्हणालो, तुमच्याच भल्याचं बोलतो. त्याने मान डोलावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते मलाच उद्देशून म्हणत असावेत. पण एक सांगतो, बोलताना मला कधी खोटं वाटलं नाही. उभा राहिलो, उजवा हात कोटाच्या बटणाशी गेला, की जे तोंडातून यायचं ते त्या घटकेला खरं असायचं. खोटं घरी आल्यावर व्हायचं.

जयवंतेचं लग्न मी वेदमंत्रांनी लावून दिलं. मालोजी खोपोलीकडच्या मोठ्या घरचा, शिळफाट्यावर दुकान, अंगावर कोट. दुसऱ्या वर्षापासून ती माहेरी येऊ लागली ती दंडावर वळ घेऊन. त्याने खोपोलीला एक बाई ठेवली होती. सोनाबाई, माझी बायको, रात्रंदिवस माझ्या मागे लागायची, आणि मी म्हणायचो, घरोघरी मातीच्या चुली. दोन वर्षं हेच म्हणालो. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी मला न विचारता आपसात ठरवलं. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात सोनाबाई ताट वाढता वाढता म्हणाली, "मंगळवारी जयवंतेची काडी मोडायची ठरलीया. तुमी येनार का?" मी भात कालवत राहिलो. म्हटलं, "मंगळवारी मुंबईला बैठक आहे." बैठक नव्हती. मंगळवारी मी मुंबईला जाऊन उतरलो त्या जागी दिवसभर पंख्याखाली पडून राहिलो, छताला एक पाल होती तिच्याकडे बघत. परत आलो तेव्हा जयवंता चुलीपुढे तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "किती दिवस आहेस?" ती म्हणाली, "ऱ्हाईन आता." पाहुण्या आलेल्या लेकीला विचारावं तसं मी विचारलं आणि तिने तसंच उत्तर दिलं. त्या गोष्टीवर आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही. काही न बोलता एकमेकांना सांभाळून घ्यायचं, ही आमच्या घराची रीत. मला ती रीत फार सोयीची पडली.

आणि पुढल्याच वर्षी घटस्फोटाचं बिल सभागृहात आलं. मी बोलायला नको होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. घसा बसलाय म्हणून सांगता आलं असतं. पण बिलाच्या विरोधातले दोन-तीन जण येऊन म्हणाले, आबाजीराव, शहरी लोकांनी विरोध केला तर मागासलेले म्हणतील, तुम्ही खेड्यातले, तुमच्या जातीने स्वतः होऊन ही चाल टाकली, तुमच्यासारखं कोण बोलणार? माझ्यासारखं कोण बोलणार. एवढं पुरलं. चाळीस मिनिटं बोललो. बाकं वाजली. पांढरपेशे, वकील, डॉक्टर, ज्यांच्या डब्याला माझा हात लागला नसता ते मधल्या सुट्टीत येऊन माझा हात हातात घेत होते. मी आगगाडीने घरी आलो तेव्हा सोनाबाईने विचारलं, कसलं भाषण केलंत? मी म्हणालो, "शेतसाऱ्याचं."

जयवंतेने धाऊशी पाट लावला तेव्हा मी पुन्हा मुंबईलाच होतो. मालोजीला ती नको होती, पण दुसऱ्याची झालेलीही नको होती. त्या खोपोलीच्या बाईशी त्याने लग्न लावलंच नव्हतं, म्हणून कायद्यात त्याचं काही अडत नव्हतं. फिर्याद झाली. परवा दुपारी जयवंता घरी आली. आत न जाता पडवीतच बसली, पाय पोटाखाली नीट घेता येईनात तशी भिंतीला टेकून.

"बाबा, तुमी येनार म्हनं साक्षीला."

"येणार."

"काय सांगनार?"

"जे आहे ते."

ती म्हणाली, "माझं काय नाय हो. पन ह्येला उद्या शाळेत घालताना बापाचं नाव काय लिवायचं, त्ये तुमच्या हातात हाय." तिने पोटावर हात ठेवला नव्हता, काही नाही, नुसतं म्हणाली. मला एकदम त्या कारकुनाचं पेन्सिलीचं बोलणं आठवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझी चूक सरळ दिसली. मांडवात आईला 'तू तिकडे बस' म्हणाले, ते म्हणणं बंद करायला हवं होतं. ते मी तसंच ठेवलं, आणि ती ज्या वाटेने जगायला बाहेर पडली ती वाट बंद केली. एवढं सोपं होतं. पन्नाशीला समजलं. मी जयवंतेला म्हणालो, "तू काळजी करू नको. मी सांगेन." आणि मला खरोखर सांगायचं होतं. ह्यात माझी काही लबाडी नव्हती.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. ईश्वराला स्मरून खरं सांगेन म्हणालो. आमच्या वकिलाने विचारलं, चौतीस सालच्या ठरावानंतर तुमच्या जातीत काडीमोडीची चाल प्रत्यक्षात बंद झाली का? मी म्हणालो, "नाही. ठराव कागदावर राहिला. चाल आहे." कोर्टात कुजबुज झाली. मागे कोंडाजी खोकला. जयवंतेने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि लहानपणी उल्हास नदीत पोहायला शिकवताना मी पोटाखालचा हात काढून घ्यायचो आणि ती बुडायची नाही तेव्हा बघायची तसं ते बघणं होतं. मला बरं वाटलं. कोटाखाली घाम आला होता, पण आतून हलकं वाटलं. म्हटलं, झालं, सुटलो.

मालोजीचा वकील उठला. तरुण होता, पुण्याकडचा, आवाज खणखणीत. मला नमस्कार केला. म्हणाला, "सन्माननीय सभासदांना मी कोण प्रश्न विचारणार? मी फक्त वाचतो." त्याच्या हातात सभागृहाच्या कामकाजाचं छापील पुस्तक होतं. त्याने पान उघडलं आणि वाचू लागला. "अध्यक्षमहाराज, मी ज्या समाजातून येतो तो गरीब आहे, अडाणी आहे. पण त्याने कोणी न सांगता एक गोष्ट केली. काडीमोडीची चाल त्याने आपल्या हाताने बंद केली. आज तेरा वर्षं झाली, माझ्या समाजात एक काडी मोडली गेलेली नाही." वाचत होता मोठं छान. माझं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं, बोललो तेवढंच. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला समजलं की वाक्यं चांगली होती, कुठे थांबायचं ते बरोबर होतं. माझे ओठ हलत असावेत. बाकं वाजल्याचा तो आवाज कानात येऊ लागला, मणक्यातून ते चढू लागलं. वकील शेवटाकडे आला. "जे आम्ही अडाण्यांनी घाण म्हणून उकिरड्यावर टाकलं, ते तुम्ही शहाणे लोक..." आणि तो थांबला. मुद्दाम थांबला. पेल्यातलं पाणी प्यायला लागला. ते वाक्य तसं अर्धवट लोंबकळत राहिलं, कोर्ट शांत, सगळे पुढच्या शब्दाची वाट बघताहेत, आणि माझा हात कोटाच्या बटणाशी गेला.

"...कायदा करून ताटात वाढून घेता आहात!" मी म्हणालो. त्या आवाजात म्हणालो. मागे कोणीतरी 'वा' म्हटलं.

वकिलाने पेला खाली ठेवला. "म्हणजे भाषण आपलंच?"

"माझंच."

"मग साहेब, कोर्टाला एवढंच सांगा. तेव्हा सांगितलंत ते खरं, की मघाशी सांगितलंत ते?"

मला वेळ होता. कोणी घाई केली नाही. मॅजिस्ट्रेटने टाक दौतीत बुडवून धरला होता. घाटाला गाडी लावताना मागचं इंजिन शिट्टी देतं ती ऐकू आली. मी विचार केला, हे कबूल करायला हवं की मी सभागृहात खोटं बोललो. मग उद्या वर्तमानपत्र. मग ते हात हातात घेणारे, त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू, पेन्सिलीचं. मी जयवंतेकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती, आणि तिच्या खांद्यांवरून मला कळलं की तिला उत्तर माझ्याआधी समजलं आहे.

"सभागृहात मी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

टाक कागदावर कुरकुरला. तेवढं एकच वाक्य लिहायला मॅजिस्ट्रेटला फार वेळ लागला असं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात आमचा वकील माझ्याकडे न बघता कागद बांधत होता. म्हणाला, निकाल सोमवारी, पण आता त्यात काही उरलेलं नाही. शिक्षा सहा महिन्यांच्या खाली येणार नाही. सोनाबाई आत आली नव्हती, पायरीवर बसली होती. तिने विचारलं, "सा म्हैने? आन् बाळंतपन?" धाऊ मास्तरने टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. जयवंता जामिनावर होती, ती पायऱ्या उतरून आईजवळ उभी राहिली. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "आपण वर जाऊ. अलिबागला अपील करू, हायकोर्टात जाऊ, मी मुंबईत मोठा वकील..."

"तितं कोनाची साक्ष काडनार, बाबा?" ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत होती.

एवढ्यात फाटकातून नेरळकडचे जातीचे पाच-सहा जण आत आले. फेटे बांधलेले, कोर्टातल्या गर्दीतून आधीच बाहेर पडून फाटकापाशी माझीच वाट बघत थांबलेले. पुढचा म्हातारा माझ्या पायाशी वाकला. "धन्य हाय, मेंबरसायेब! पोटच्या पोरीपायी बी शबूद फिरवला नाय. आसा मानूस पायजे आमाला!" मागच्यांनी मान डोलावली. एकाने डोळे पुसले. मी बाजूला व्हायला हवं होतं. त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. पण माझे हात जोडले गेले, मान थोडी कलली, आणि तोंडावर ते हसू आलं, जे सभेत आपोआप येतं. जयवंता तीन हात अंतरावर उभी राहून बघत होती. मी म्हाताऱ्याला हाताला धरून उठवलं आणि विचारलं, "नेरळला सभा कधी ठेवताय?"